एका घरात दोन मधली नावं

कराडला माझा छापखाना आहे. मोठा नाही. एक ऑफसेट मशीन, दोन कॉम्प्युटर, तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची गर्दी आणि जूनमध्ये शाळांची ओळखपत्रं. नावं वाचणं हाच धंदा. फार वर्षांपूर्वी एका पत्रिकेत नवरदेवाच्या वडिलांऐवजी चुलत्यांचं नाव छापलं गेलं होतं. पाचशे पत्रिका रद्दीत गेल्या आणि वर शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच. तेव्हापासून मी कुठलंही नाव अक्षर अक्षर सुटं करून वाचतो. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे माझीच फजिती आहे.

माझी पहिली बायको २०१९ मध्ये गेली, तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. माझ्या आत्ताच्या बायकोचा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात परस्पर संमतीने घटस्फोट झाला होता आणि तिला एक मुलगा होता. आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये नोंदणी पद्धतीने लग्न केलं. तीस दिवसांची नोटीस, माझ्याकडून मृत्यूचा दाखला, तिच्याकडून हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, तीन साक्षीदार, आणि बाहेर येऊन उसाचा रस. मुलांची नावं इथे लिहीत नाही. उद्या वाचतील आणि म्हणतील, आम्हाला विचारलं होतं का? तर माझी ती मोठी आणि हिचा तो धाकटा.

लग्नाआधी हिने तिच्या घटस्फोटाची संमतीपत्रं माझ्यासमोर ठेवली. कोर्टात त्याला सगळे 'कन्सेंट टर्म्स'च म्हणतात. सात पानं. म्हणाली, "नीट वाचा, नंतर तक्रार नको." मी दोनदा वाचली. मुलाचा ताबा आईकडे. वडिलांनी पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी भेटायचं, दिवाळीची आणि मेची सुट्टी निम्मी निम्मी. शाळेची फी वडिलांनी भरायची. पोटगीचा दावा नाही, दागिने परत मिळाले. माझी नजर पैशांच्या कलमांवर होती, हे कबूल करतो. दोन पोरांचं घर चालवायचं तर आकडे आधी बघतो माणूस.

पहिले काही महिने बरे गेले. मोठी हिला 'मावशी' म्हणायला लागली, धाकटा मला 'काका'. हे कोणी शिकवलं नाही, त्यांचं त्यांनीच ठरवलं. त्याचे बाबा शनिवारी पुण्याहून एसटीने यायचे. मी त्याला स्टँडवर सोडायचो आणि संध्याकाळी प्रीतिसंगमावरून घेऊन यायचो, कारण बापलेक दिवसभर तिथेच नदीकाठी आणि बागेत असायचे. आम्हा दोघा पुरुषांत बोलणं म्हणजे "जेवलाय का?", "हो, भेळ खाल्लीय", एवढंच.

मग २०२३ च्या जुलैमध्ये धाकटा शाळेच्या जिन्यावरून पडला आणि त्याचा हात मोडला. ही माहेरी गेली होती. मी त्याला घेऊन दवाखान्यात पोचलो. हाड बसवायला भूल द्यावी लागणार होती. फॉर्म पुढे आला. 'रुग्णाशी नाते'. मी पेन टेकवलं आणि तसाच थांबलो. वडील लिहावं तर खोटं, सावत्र वडील लिहावं तर धाकटा शेजारी बसलेला आणि त्याला नुकतं वाचता यायला लागलेलं. शेवटी 'काका' लिहिलं. नर्सबाईंनी विचारलं, सख्खे काका का? डॉक्टरांनी हिला फोन लावला, तिची संमती घेतली आणि मगच पुढे गेले. त्यांचं काही चुकलं नाही. पण तो अर्धा तास मी बाकड्यावर बसून एकच विचार करत होतो: याच्या शाळेचा डबा मी भरतो, याच्या रात्रीच्या खोकल्याचे आवाज मला वेगवेगळे ओळखता येतात, आणि कागदावर मी कोण?

रात्री हिला म्हटलं, दत्तक घेऊ. मी धाकट्याला, तू मोठीला. मग दोघांचं मधलं नाव एक होईल, आडनावही एक. प्रश्नच मिटला. ही आधी गप्प बसली. मग मोबाइलवर एक बातमी दाखवली, तिच्या बहिणीने केव्हातरी पाठवलेली. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२२ मध्ये म्हटलं होतं की मुलाचं आडनाव ठरवायचा अधिकार आईला आहे, आणि दुसऱ्या नवऱ्याला कागदोपत्री 'सावत्र वडील' म्हणून दाखवायला लावणं हे मुलाच्या मनाचा विचार न करणारं, निर्दयपणाचं आहे. आम्हाला वाटलं, झालंच काम.

वकीलबाईंनी चहा मागवला आणि पहिल्या पाच मिनिटांत हवा काढली. "त्या प्रकरणात वडील वारले होते. आई एकटीच पालक उरली होती. तुमच्याकडे वडील जिवंत आहेत, महिन्यातून दोनदा येतात, फी भरतात." मग त्यांनी कपाटातून एक पातळ पुस्तक काढलं. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा. त्याच्या सहाव्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे, बोट ठेवून दाखवलं. अर्थ असा, की या कलमात 'पिता' आणि 'माता' या शब्दांत सावत्र पिता आणि सावत्र माता येत नाहीत.

मी ती ओळ तीनदा वाचली. छपाईत चूक नव्हती.

"दत्तक म्हणजे नावात दुरुस्ती नव्हे," बाई म्हणाल्या. "आदेश झाला की जन्मदात्याशी कायद्याचं नातं तुटतं. सगळंच. वारसा गेला, भेटीचा हक्क गेला, फीची जबाबदारीही गेली. म्हणून त्याची संमती लागते. बालन्याय कायद्याने जा की १९५६ च्या दत्तक कायद्याने जा, धाकट्याच्या वडिलांच्या सहीशिवाय दार उघडत नाही. ताब्याचा दावा चालू असता तर तो निकाली निघेपर्यंत अर्जही करता आला नसता, एवढं तरी तुमचं बरं आहे."

मोठीचं मात्र सोपं, असं त्यांचं मत पडलं. तिची आई हयात नाही, मी संमती देणार, ही दत्तक घेणार. सावत्र आईवडिलांच्या दत्तकासाठी 'कारा'च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाच्या, 'केअरिंग्ज' पोर्टलवर नोंदणी करायची, कागद चढवायचे, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून पडताळणी होते आणि फाइल जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. पूर्वी हा आदेश कोर्ट द्यायचं. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. दत्तक घेणाऱ्या जोडप्याचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली असावी लागतात, पण सावत्र नात्यात ती अट नाही. म्हणजे मोठीची फाइल लगेच, धाकट्याची त्याच्या बाबांशी बोलून. ठरलं.

कागद गोळा करण्याबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. पॅन, आधार, उत्पन्नाचा दाखला, दोघांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, लग्नाचा दाखला, पहिल्या बायकोचा मृत्यूचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, सगळ्यांचा एकत्र फोटो. फोटो मीच काढला, छापखान्याच्या मागच्या पांढऱ्या पडद्यासमोर. तोच एक फोटो त्या सगळ्यातून घरात फ्रेम करून लावलाय. धाकटा त्यात प्लास्टरच्या हाताने सलाम करतोय.

साताऱ्याला बोलावणं आलं तेव्हा मोठी अकरा वर्षांची होती. पाच वर्षांच्या वरच्या मुलाची स्वतःची संमती लागते, हे आम्हाला सांगितलं होतं आणि आम्ही ते एक सही म्हणूनच ऐकलं होतं. संरक्षण अधिकारी बाई समजूतदार होत्या. त्यांनी मोठीला आमच्याबरोबर नाही, बाजूच्या टेबलावर एकटीला बसवलं. पंख्याचा आवाज होता, पण खोली लहान, सगळं ऐकू येत होतं. शाळा, मैत्रिणी, मावशी आवडते का. "हो, आवडते. मावशी माझे केस आईसारखे घट्ट नाही बांधत." बाई हसल्या. मग मोठीने विचारलं, "म्हणजे मावशी आई झाली तर कागदावर काय होतं?"

बाई गोलमाल बोलू शकल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. म्हणाल्या, "तुझा जन्मदाखला नवीन होतो. त्यावर आईच्या ठिकाणी मावशीचं नाव येतं."

"आणि आईचं?"

"त्या दाखल्यावर नाही राहत, बाळा."

मोठी काही बोलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सोडायची, पुन्हा गुंडाळायची. मी उठणार होतो, पण हिने माझं मनगट धरून खाली बसवलं. नंतर बाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि म्हणाल्या, घाई नाही, घरी बोला, पुन्हा या. आम्ही पुन्हा गेलो नाही. साताऱ्याहून परतताना एसटीत ही मोठीच्या शेजारी बसली होती आणि मी मागच्या सीटवर. उंब्रजच्या आसपास हिने वळून मला सांगितलं, "ती फाइल बंद करा. तिच्या आईला खोडून मला आई व्हायचं नाही." एवढं बोलून ती मोठीच्या मोबाइलमधले कुत्र्याचे व्हिडिओ बघायला लागली.

मोठीच्या आजोळी ही बातमी आधीच पोचली होती. सासऱ्यांनी तीन महिने फोन घेतला नव्हता. फाइल मागे घेतल्याचं कळल्यावर त्यांनीच हुरडा पाठवला. मला त्यांचा राग आला होता, खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे. पण मुलगी गेलेल्या बापाला जन्मदाखल्यावरची एक ओळ किती मोठी वाटत असेल, हे मला आधी सुचायला हवं होतं. सुचलं ते एका अकरा वर्षांच्या पोरीला.

तरीही मी धाकट्याच्या बाबांशी बोललोच. त्याची गोष्ट वेगळी आहे असं मला वाटत होतं. जिवंत माणसाशी बोलता येतं. एका तिसऱ्या शनिवारी प्रीतिसंगमावर धाकटा घसरगुंडीकडे पळाला तेव्हा मी विषय काढला. जमेल तितकं सरळ बोललो. दवाखान्याचं सांगितलं, शाळेचं सांगितलं. भेटी आहेत तशाच राहतील, माझा शब्द आहे, असंही म्हटलं. ते ऐकत होते. हातात भेळेचा रिकामा कागद होता, त्याची बारीक बारीक घडी घालत होते. शेवटी म्हणाले, "वकिलांना विचारून सांगतो."

तीन आठवडे काही नाही. मग एका रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. मजकूर नाही, नमस्कार नाही. कन्सेंट टर्म्सचं पाचवं पान, आणि अकराव्या कलमाभोवती लाल पेनाने गोल: मुलाचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव उभय पक्षांच्या लेखी संमतीशिवाय बदलले जाणार नाही.

मी आमची प्रत काढली. तीच ओळ, तिथेच. दोनदा वाचली होती मी ती सात पानं! लोकांच्या नावातली वेलांटी पकडणारा माणूस एक अख्खं कलम गिळून बसला होता. हिला दाखवलं. ती म्हणाली, "ते कलम मीच मान्य केलं होतं. फी त्याने भरायची, नाव त्याचं राहायचं, असं ठरलं होतं. मी विसरले नव्हते. मला वाटलं, त्यालाच आठवणार नाही." त्या रात्री आमचं भांडण झालं. कशावरून ते आता नीट आठवतही नाही, नावावरून सुरू झालं आणि गॅस सिलिंडरवर संपलं.

वकीलबाईंना फोन केला. म्हणाल्या, ताबा आणि भेटींच्या हुकमात मुलाच्या हितासाठी कोर्टाकडून बदल करून घेता येतो, ते दार कायमचं बंद नसतं. "पण त्यात तुम्ही काय सांगणार? बाप येत नाही? येतो. पैसे देत नाही? देतो. मूल घाबरतं त्याला?" मी म्हटलं, घसरगुंडीवरून थेट त्यांच्या मांडीवर येतं. "मग?" त्यांनी एवढंच विचारलं, आणि त्या फोनची फी लावली नाही.

मग त्यांनीच दुसरी वाट दाखवली, आणि तिथे मात्र आम्ही खरंच काम केलं. हे ज्यांच्या घरी दोन घरांची मुलं आहेत त्यांनी नीट बघावं, कारण आम्हाला वाटत होतं की एका छताखाली राहिलं की सगळं आपोआप होतं. तसं नाही. उद्या मी मृत्युपत्र न करता गेलो तर माझे वारस म्हणजे बायको, मोठी आणि माझी आई. धाकटा त्या यादीतच नाही, कारण वारसा कायद्यातल्या 'मुलगा' या शब्दात बायकोचा आधीचा मुलगा बसत नाही. तसंच उलट. ही गेली तर तिच्या नावावरचं धाकट्याला आणि मला. मोठी तिची 'मुलगी' ठरत नाही, ती फक्त नवऱ्याची वारस म्हणून मागच्या रांगेत उभी राहते आणि तिचा नंबर लागेपर्यंत काही उरत नाही. म्हणून दोघांनी मृत्युपत्रं केली. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, दोन साक्षीदार लागतात. आम्ही तरी दुय्यम निबंधकांकडे जाऊन नोंदवून घेतली.

मसुद्यात वकीलबाईंनी लिहिलं होतं, 'माझी मुले'. मी ते खोडलं. या वेळी प्रूफ नीट वाचलं होतं. 'मुले' या शब्दावर उद्या कोणीही बोट ठेवेल. तिथे मी धाकट्याचं पूर्ण नाव घातलं, त्याचं स्वतःचं, त्याच्या बाबांचं आणि त्यांचं आडनाव, आणि पुढे 'माझ्या पत्नीचा पहिल्या विवाहापासूनचा मुलगा, ज्यास मी माझ्या मुलाप्रमाणे वाढवीत आहे'. जे नाव काढायला निघालो होतो ते माझ्याच मृत्युपत्रात माझ्याच हाताने टाइप केलं. वेलांटी, उकार, सगळं तपासून.

त्याच मृत्युपत्रात आणखी एक गोष्ट करता आली. मोठीची आई नसल्यामुळे, माझ्या पश्चात ती सज्ञान होईपर्यंत तिची पालक म्हणून मी हिचं नाव लिहू शकलो. म्हणजे दत्तक न घेताही मावशी तिची कोणीतरी झाली, आणि जन्मदाखल्याला हात लागला नाही. धाकट्यासाठी हेच करता आलं नाही. हिला काही झालं तर तो त्याच्या बाबांकडे जाईल, मी त्यात कोणी नाही. वकीलबाईंनी हे सांगितलं तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. यावर इलाज नाही. एक केलं, पुढच्या शनिवारी मी त्यांना प्रीतिसंगमावरून घरी जेवायला घेऊन आलो. ते नको नको म्हणत होते. धाकट्याने हात धरून ओढत आणलं आणि स्वतःचं कपाट, अंथरूण, प्लास्टरचा जपून ठेवलेला तुकडा, सगळं दाखवलं. जाताना त्यांनी दवाखान्याच्या कामासाठी एक साधं पत्र लिहून सही करून दिलं, की तातडीच्या वेळी यांना उपचाराचा निर्णय घेऊ द्यावा. उद्या कोणी नियमावर बोट ठेवलं तर ते किती टिकेल सांगता येत नाही, पण मी ते लॅमिनेट करून पाकिटात ठेवलंय.

आमच्याकडे मुलाच्या नावामागे बापाचं नाव लागतं आणि शाळेत हजेरी घेताना रोज ते मोठ्याने वाचलं जातं. एका घरातून निघालेली दोन पोरं, दोन मधली नावं, दोन आडनावं. सुरुवातीला शेजारी विचारायचे, आता सवय झाली. मध्ये सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचंही नाव सक्तीचं केलं, तेव्हा माझ्याकडे शाळांचे नवीन फॉर्म छापायला आले आणि मी एक रकाना वाढवला. धाकटा म्हणाला, "मग माझं पण आईचं नाव टाकूया का?" तू आधीचा आहेस, तुला लागू नाही, असं सांगितल्यावर त्याला जरा वाईट वाटलं.

त्याच जूनमध्ये त्याच्या शाळेची ओळखपत्रं माझ्याकडे आली. सहाशेच्या वर. क्लार्कने मुलांनी घरून भरून आणलेल्या फॉर्मचा गठ्ठाच दिला, यादी करायला त्याला वेळ नव्हता. धाकट्याचा फॉर्म त्याने स्वतः भरला होता, मला दाखवला नव्हता. वडिलांचे नाव: त्याच्या बाबांचं, बरोबर. 'तातडीच्या संपर्कासाठी नाव व मोबाइल' या एका ओळीत त्याने दोन नंबर कोंबले होते. एक पुण्याचा, पुढे 'बाबा'. एक माझा, पुढे 'घरातले काका'.

कार्डावर जागा एकाच नंबरची. बाकी सगळ्यांचा टाइप आठ पॉइंटचा होता, त्याच्या कार्डावर ती ओळ साडेसहा पॉइंटला नेली तेव्हा दोन्ही बसले. माल घेताना क्लार्कने ते कार्ड उचलून विचारलं, हे एवढं एकच बारीक का आलंय?

म्हटलं, त्याचे नंबर दोन आहेत.